थीम पार्कची सहल बेळगावकडच्या घराला परवडते का?

सुट्टी लागली की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांत एक मागणी हमखास होते. बेंगळूरच्या वंडरलाला, नाहीतर खोपोलीच्या इमॅजिकाला जाऊया की! मुलांनी मोबाइलवर व्हिडिओ पाहिलेले असतात, वर्गातलं कुणीतरी जाऊन आलेलं असतं. आईबाबा तिकिटाचा दर बघतात, घरातल्या माणसांनी गुणतात आणि "बघूया पुढच्या वर्षी" म्हणून विषय संपतो.

पण नुसत्या तिकिटाच्या गुणाकाराने काहीच कळत नाही. आपल्यासारख्या लांबून जाणाऱ्यांच्या खर्चात तिकिटाचा वाटा निम्म्याहून कमी असतो. बाकीचं ठरतं ते आपण कोणत्या दिवशी जातो, घरात माणसं किती आणि राज्याच्या हद्दीच्या कोणत्या बाजूला निघतो यावर. सीमाभागातल्या माणसाला यात काही गोष्टी जड जातात, तशा दोन-तीन फायद्याच्याही आहेत, आणि त्या कुणी फारशा सांगत नाही.

आधी थोडं मागे जाऊ. अमेरिकेत कॅलिफोर्नियातलं डिस्नेलँड १९५५ साली उघडलं तेव्हा मोठ्या माणसाचा प्रवेश एक डॉलरला होता. आजच्या किमतीत ते साधारण बारा डॉलर होतात. आत गेल्यावर मात्र प्रत्येक राइडचे पैसे वेगळे. पुढे राइडच्या तिकिटांची छोटी पुस्तकं मिळू लागली. साध्या राइडला स्वस्त तिकीट, मोठ्या राइडला महाग. आपल्याकडच्या लक्ष्मी यात्रेत आजही हेच चालतं. आकाशपाळण्याचे वेगळे, ब्रेकडान्सचे वेगळे, आणि नुसतं बघत फिरणाऱ्याला काहीच पडत नाही. डिस्नेलँडने १९८२ मध्ये ही पद्धत बंद केली आणि एकच मोठं तिकीट आणलं, आत हवं तितकं बसा. जगभरच्या पार्कांनी तेच उचललं. त्याच डिस्नेलँडचं सर्वांत गर्दीच्या दिवसाचं तिकीट ऑक्टोबर २०२४ मध्ये २०६ डॉलर झालं. 'आता हे सामान्य कुटुंबाचं राहिलं नाही' ही तक्रार म्हणूनच तिकडे जोरात आहे.

एका तिकिटाच्या या पद्धतीचा फटका आपल्या घरांना कसा बसतो, ते बघण्यासारखं आहे. जाहिरातीतलं कुटुंब चौघांचं असतं. आपल्याकडे सहलीला आजी येते, कधी आत्या येते, मामाची मुलं येतात. आजी एकाही राइडमध्ये बसत नाही. दिवसभर ती सावलीतल्या बाकावर बसलेली असते. मांडीवर दोन पिशव्या, शेजारी चपलांचे चार जोड, हातात सगळ्यांचे मोबाइल. तिलाही तिकीट आहेच. बऱ्याच पार्कांत ज्येष्ठांना थोडी सूट मिळते, पण आत जाऊन फक्त बसणाऱ्या माणसासाठी वेगळं स्वस्त तिकीट सहसा नसतं. म्हणजे कमी बसणारी माणसं जास्त बसणाऱ्यांचा खर्च उचलतात, आणि एकत्र कुटुंबात कमी बसणारी माणसंच जास्त असतात.

तिकीट इतकं का, याचं उत्तर नुसतं हाव असं नाही. पार्क बांधायला पैसा आधी ओतावा लागतो, तोही प्रचंड. इमॅजिका २०१३ मध्ये सुरू झालं तेव्हा त्यावर सोळाशे कोटींच्या आसपास खर्च झाल्याचं सांगितलं जात होतं. त्यासाठी काढलेलं कर्ज काही पेललं नाही, आणि २०२२ मध्ये पार्क संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेलं. मोठ्या राइड बहुतेक परदेशातून येतात, त्यांचे सुटे भागही तिकडून येतात. रोज सकाळी दार उघडण्याआधी प्रत्येक राइड रिकामी फिरवून तपासायची, वीज, पाणी, जीवरक्षक, डॉक्टर, सफाईची माणसं. यातलं काहीच गर्दी कमी आहे म्हणून कमी करता येत नाही. स्टँडवरून सुटणारी एसटी दहा माणसं घेऊन गेली काय आणि पन्नास घेऊन गेली काय, डिझेल तेवढंच लागतं, तसं हे आहे. मग रिकाम्या दिवसांचा तोटा भरलेल्या दिवसांतून काढला जातो. रविवार, मे महिना, नाताळ या दिवसांचे दर म्हणूनच चढे असतात.

त्यात करही आहे. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा या पार्कांच्या प्रवेशावर २८ टक्के लागत होता, जानेवारी २०१८ पासून तो १८ टक्के झाला. दीड हजाराच्या तिकिटात सव्वादोनशेच्या वर रुपये कराचे. तुलनेला हे बघा: साडेसात हजारांपर्यंतच्या हॉटेल खोलीवरचा कर सप्टेंबर २०२५ मध्ये १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. लेकरांच्या एका दिवसाच्या आनंदावर लॉजच्या खोलीपेक्षा तिप्पट-चौपट दराने कर घ्यावा, हे मला अजिबात पटत नाही. सवलत द्यायचीच असेल तर निदान बारा वर्षांखालच्या मुलांच्या तिकिटापासून सुरुवात व्हायला हवी होती.

आता प्रत्यक्ष हिशोब. आईबाबा, दोन मुलं आणि आजी असं पाच जणांचं घर. बेळगावहून रात्रीच्या रेल्वेने बेंगळूर, दिवसभर पार्क, त्याच रात्रीच्या रेल्वेने परत. लॉज नाही. आकडे मी हिशोबापुरते धरले आहेत, दिवसागणिक ते खालीवर होतील. मोठ्यांचं तिकीट दीड हजार, मुलांचं आणि आजीचं बाराशे धरलं तर प्रवेशाचे ६,६०० रुपये. स्लीपरचे माणशी एका बाजूचे चारशे धरून जाऊन-येऊन ४,०००. आतलं जेवण १,७५०. सकाळचा चहा-नाश्ता आणि रात्रीचं जेवण १,०००. स्टेशन ते पार्क आणि परत १,५००. लॉकर, पाण्यातले कपडे, किरकोळ १,०००. मुलांनी हट्टाने घेतलेल्या टोप्या-खेळण्यांचे ५००. बेरीज १६,३५० रुपये. यात प्रवेशाचा वाटा चाळीस टक्के.

हे 'सरासरी कुटुंबा'ला किती पडतं? केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या घरगुती खर्च पाहणीत देशात माणशी महिन्याचा सरासरी खर्च ग्रामीण भागात ४,१२२ रुपये आणि शहरात ६,९९६ रुपये निघाला. पाच माणसांच्या ग्रामीण घराचा महिना म्हणजे साधारण २०,६०० रुपयांत चालतो. त्यातले ४७ टक्के खाण्यापिण्यावर जातात. उरलेल्या अकरा हजारांत फी, औषध, कपडे, वीजबिल, मोबाइल, लग्नाचा आहेर, सगळं. म्हणजे एका दिवसाच्या या सहलीला खाणं सोडून बाकीच्या सगळ्या खर्चाचा दीड महिना लागतो. शहरी घराला तोच आकडा पाऊण महिन्याच्या आसपास येतो.

रोजावर जगणाऱ्या घराचं गणित याहून वेगळं. रोजगार हमीचा कर्नाटकातला दर २०२५-२६ साठी ३७० रुपये होता. १६,३५० म्हणजे चव्वेचाळीस दिवसांचा रोज. वर सहलीच्या दिवसांत दोघांचा बुडालेला रोज वेगळा, तो पावतीवर कुठे दिसत नाही. बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत पगारी नोकरी असणाऱ्याला रजा मिळते, वडगाव-शहापूरच्या विणकराला मागावर बसलं तरच पैसे. म्हणून माझं उत्तर सरळ आहे: दोन पगार येणाऱ्या, किंवा एक पगार आणि थोडी शेती असणाऱ्या घराला ही सहल दोन-तीन वर्षांतून एकदा, आधीपासून पैसे बाजूला काढून, परवडते. रोजावरच्या घराला आज ती परवडत नाही. आणि हप्त्यावर किंवा उसनवारीवर तर कुणीच करू नये.

मग ज्यांना जमण्यासारखं आहे त्यांनी खर्च कुठे कमी करायचा? इथे हद्दीचा विषय येतो.

कर्नाटकाची शक्ती योजना ११ जून २०२३ पासून सुरू आहे. राज्यात राहणाऱ्या सगळ्या महिलांना, मुलींनाही, सरकारी साध्या आणि एक्स्प्रेस बसमधून राज्यात कुठेही मोफत प्रवास. एसी, स्लीपर, राजहंस या आरामबसमध्ये नाही. बेळगाव-बेंगळूर हे पाचशे किलोमीटर अंतर आई, आजी आणि मुलगी एक रुपया न देता जाऊ शकतात, कर्नाटकातल्या पत्त्याचं ओळखपत्र जवळ हवं. बेंगळूर शहरातल्या साध्या सिटी बसलाही हेच लागू. पाच जणांच्या घरात तीन तिकिटं वाचली तर प्रवास निम्म्याच्या खाली येतो. अडचण एवढीच की ही सीटची बस आहे. रात्रभर बसून गुडघे आखडलेली आजी सकाळी पार्कात कशी फिरणार? माझा सल्ला असा की आजी असेल तर रेल्वेच बरी. मात्र रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये गेली ती अजून परत आलेली नाही, म्हणजे तिचं पूर्ण भाडं. मुलांचंही लक्षात घ्या. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला अर्धं तिकीट तेव्हाच, जेव्हा वेगळा बर्थ घेणार नाही. बर्थ हवा तर पूर्ण पैसे. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि सुट्टीतल्या गाड्या लवकर भरतात.

महाराष्ट्राच्या बाजूला गेलात तर तिथल्या एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, पण ती सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरती. आणि खोपोलीला पोचायला आपण बहुतेक जण गाडी करूनच जातो. मग टोल मोजा: हत्तरगी, कोगनोळी, किणी, तासवडे, आनेवाडी, खेड-शिवापूर, पुढे मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग. जाताना आणि येतानाही. स्वतःची कार असेल आणि वर्षभर फिरणं होत असेल तर ऑगस्ट २०२५ मध्ये तीन हजारांना निघालेला वार्षिक फास्टॅग पास राष्ट्रीय महामार्गावर उपयोगी पडतो, द्रुतगती मार्गावर नाही. भाड्याच्या गाडीला तो पासच मिळत नाही. भाड्याची गाडी करायची तर दोन-तीन घरांनी मिळून ट्रॅव्हलर करावी, आणि ठरवतानाच परमिट, टोल, ड्रायव्हरचा भत्ता यातलं भाड्यात काय धरलंय हे तोंडावर विचारून घ्यावं. एक मोठी सोय मात्र याच बाजूला आहे. सीमाभागातल्या कितीतरी घरांचे नातेवाईक पुणे-पिंपरीत आहेत. मुलं मे महिन्यात मामाकडे जाणारच असतील तर पार्क त्याच फेरीला जोडा. राहण्याचा खर्च नाही आणि प्रवास एरवीही होणारच होता. निपाणी-चिकोडीकडच्यांना तर पुणेच जवळ.

सगळ्यांत मोठा फायदा शाळेच्या वेळापत्रकात आहे. आपल्या मराठी शाळाही कर्नाटकाच्या वेळापत्रकाने चालतात. उन्हाळी सुट्टी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमाराला लागते, तेव्हा महाराष्ट्रातल्या शाळा अजून चालू असतात. आपल्याला मोठी सुट्टी दसऱ्याला, त्यांना दिवाळीला. म्हणजे एप्रिलच्या मध्यावर किंवा दसऱ्याच्या सुट्टीत मधल्या वारी, म्हणजे शनिवार-रविवार सोडून, खोपोली गाठली, तर आपली मुलं सुट्टीवर आणि पुण्या-मुंबईची मुलं वर्गात. दर खालचे, गर्दी कमी. तेच दसऱ्याच्या सुट्टीत बेंगळूरला गेलात तर अख्खं कर्नाटक तुमच्या पुढे रांगेत असतं. सीमेवर राहण्याने आपल्याला जे सोसावं लागतं ते लागतंच, निदान एवढा लाभ तरी पदरात पाडून घ्यावा.

रांगेचा विचार मी पैशांइतकाच महत्त्वाचा मानतो. मेमधल्या रविवारी एकेका राइडला तास-तास उभं राहून दिवसात पाच-सहा राइड होतात. मधल्या वारी त्याच पैशांत बारा-पंधरा. दर राइडला पडलेले पैसे काढले तर गर्दीच्या दिवसाचं तिकीट दुपटीहून महाग पडतं. आता रांग टाळण्याचा जादा पासही विकला जातो. डिस्नेने १९९९ मध्ये अशी सोय काढली तेव्हा ती फुकट होती. २०२१ मध्ये ती बंद करून तिच्या जागी पैसे देऊन घ्यायची सोय आणली. आपल्याकडच्या पार्कांतही जादा पैसे देणाऱ्यांची रांग वेगळी असते. दोन तास उन्हात उभ्या असलेल्या मुलाच्या समोरून दुसरं मूल थेट आत जातं, आणि ते का, हे त्याला बापाने समजावायचं. मधल्या वारी त्या पासची गरजच पडत नाही.

अजून काही बारीक गोष्टी, ज्यांवर फाटकाशी वाद होतात. बहुतेक पार्कांत बाहेरचं खाणं आत नेता येत नाही. पहाटे उठून केलेल्या दशम्या, शेंगाचटणी, दही-भाताचा डबा पिशवी तपासताना बाहेर काढला जातो, आणि मग फाटकाबाहेर उभ्या उभ्या सकाळी दहाला सगळ्यांचं जेवण उरकतं. खरं तर हेच ठरवून करावं. पोटभर खाऊन आत जा, आत एकदाच जेवा. लहान बाळाचं खाणं आणि औषधं सहसा नेऊ देतात, पण आधी फोन करून विचारा. पाण्याच्या राइडला सुती कपडे चालत नाहीत. नायलॉनचे कपडे तिथे भाड्याने किंवा विकत घेण्यापेक्षा खडेबाजारातून आधी घेतले तर स्वस्त पडतात आणि पुढेही वापरता येतात.

मुलांचं तिकीट बऱ्याच ठिकाणी वयावर नाही, उंचीवर ठरतं. घरी भिंतीला टेकवून उंची मोजा आणि त्या पार्कच्या नियमाशी ताडून बघा. अंगाने वाढलेल्या अकरा वर्षांच्या मुलाला मोठ्यांचं तिकीट लागू शकतं, आणि पाच वर्षांच्या मुलीचे पैसे भरूनही मोठ्या राइडवर तिला घेत नाहीत. धाकटं मूल आठ-नऊ वर्षांचं होईपर्यंत थांबलेलं बरं. त्याआधी नेलं तर एकजण दिवसभर त्याच्याबरोबर बाहेर उभा राहतो आणि तेही तिकीट काढून.

पैसे जमवण्याची आपली पद्धत आहेच. गल्लीतल्या बायकांची भिशी. ज्या महिन्याची भिशी आपल्याला हवी तो महिना आधी मागून घ्यायचा आणि सहल त्याच्या पुढच्या महिन्यात ठेवायची. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे दोन हजार साठवून ही सहल करायची म्हटली तर आठ महिन्यांहून थोडे जास्तच लागतात. पण ज्या घरात ते पैसे औषधाला आणि किराण्याला लागतात तिथे त्यांना हात लावायला मी सांगणार नाही.

'त्यापेक्षा जवळ कुठेतरी न्या' असंही सांगितलं जातं. शिग्गावजवळ गोटगोडीचं उत्सव रॉक गार्डन आहे, कोल्हापूरजवळ कणेरी मठाचं सिद्धगिरी संग्रहालय आहे, भुतरामनहट्टीचं प्राणिसंग्रहालय तर दारातच. तिन्ही ठिकाणं चांगली आहेत, मुलांनी बघावीत अशीच आहेत. पण रोलर कोस्टरवर बसायची इच्छा असलेल्या मुलाला सिमेंटचे पुतळे दाखवून समजूत काढता येत नाही. ती इच्छा खोटी नाही, आणि तिला चैन म्हणून हिणवूही नये.

रोजावरच्या घरांतल्या मुलांसाठी मला एकच खरा रस्ता दिसतो, तो शाळेच्या सहलीचा. पार्कवाले शाळांच्या गटांना मधल्या वारी बऱ्यापैकी सवलत देतात, कारण त्यांना तेच रिकामे दिवस भरायचे असतात. गटाचं जेवणही तिकिटात बसवून मिळतं. तिथे पालकांचे तिकीट नाही, बुडालेला रोज नाही, आजीचं तिकीट नाही. वर धरलेल्या हिशोबात एका मुलामागे जो खर्च येतो त्याच्या बऱ्याच खाली ही सहल बसू शकते. अट एकच: शाळेने सहल डिसेंबरात जाहीर करून आठवड्यात पैसे मागू नयेत. जूनमध्ये शाळा उघडतानाच ठरवावी आणि महिन्याला दोनशे-अडीचशे असे घ्यावेत, म्हणजे विणकराच्या आणि विडी वळणाऱ्या आईच्या घरालाही ते पेलतं. तरीही वर्गातली तीन-चार मुलं राहतातच. माजी विद्यार्थ्यांनी आणि शाळा सुधारणा समितीने मिळून त्यांचे पैसे भरावेत, ते थेट मुख्याध्यापकांकडे द्यावेत, आणि त्या मुलांची नावं ना वर्गात वाचावीत, ना फलकावर लिहावीत.